जुन्या येझदीचा हॉर्न: आधी करंट पोचवा, मग भोंगा बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सत्तरच्या दशकातली येझदी २५०, ६ व्होल्टची, वायरिंग बहुतेक मूळचं. पुण्यात रोज धायरीहून हडपसरला जाणं-येणं. हॉर्न दाबला की घसा बसल्यासारखा नुसता ‘घर्र’ करतो, समोरच्या रिक्षालाही ऐकू जात नाही. मेकॅनिक म्हणतो कारचा १२ व्होल्टचा डबल हॉर्न टाकू. मित्र म्हणतो थेट प्रेशर हॉर्न लाव. यातलं काय करावं?

दोन्ही नको, निदान इतक्यात तरी नको. ‘कुठला हॉर्न लावू’ हा प्रश्न नंतरचा. आत्ता लावलेला हॉर्न ओरडत का नाही, हे आधी बघायचं. ही गाडी नवी होती तेव्हा याच जातीचा हॉर्न चौकभर ऐकू जायचा. पन्नास वर्षांत हॉर्न थोडा म्हातारा झाला हे खरं, पण त्याच्यापर्यंत जाणारी वायर, बटण आणि अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट) त्याहून जास्त थकलेत. तीच वाट तशीच ठेवून पुढे दुप्पट करंट खाणारा हॉर्न लावला, तर तोही घर्रच करेल.

हॉर्नच्या आत एक कॉइल, एक पातळ पोलादी पडदा आणि एक पॉइंट असतो. करंट आला की कॉइल पडद्याला ओढते, पडदा सरकताना पॉइंट उघडतो, करंट तुटतो, पडदा परत येतो, पॉइंट पुन्हा जुळतो. सेकंदाला काहीशे वेळा हे चालतं. पडदा ओढण्याचा जोर ढोबळमानाने करंटच्या वर्गावर अवलंबून असतो. बॅटरीवर ६ व्होल्ट आणि हॉर्नच्या टर्मिनलवर ४.६ पोचत असतील, तर व्होल्टेज चौथ्या हिश्शाने कमी दिसतं, पण जोर सुमारे ४० टक्क्यांनी गेलेला असतो. १२ व्होल्टच्या गाडीत एक-दीड व्होल्ट वाटेत हरवला तरी निभतं. ६ व्होल्टच्या गाडीत तेवढ्यात आवाज मरतो.

एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार) कुठल्याही दुकानात मिळेल. गाडी बंद ठेवून, रात्रभर विश्रांती झालेल्या बॅटरीचं व्होल्टेज बघा. भरलेली बॅटरी ६.३ ते ६.४ दाखवते. ६.१च्या आसपास असेल तर अर्धी रिकामी आहे, ६च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा, बाकीच्या चाचण्या नंतर. मग हॉर्न दाबून धरा आणि पुन्हा बॅटरीवरच मोजा. तिथेच आकडा साडेपाचच्या खाली कोसळत असेल तर बॅटरीची आतली प्लेट गेली, वायरिंगला दोष देऊ नका.

बॅटरी ठीक असेल तर हॉर्नच्या दोन्ही वायरी काढा आणि जाड वायरीचे दोन तुकडे घेऊन हॉर्न थेट बॅटरीला लावा. यात अंदाज उरत नाही. थेट जोडल्यावर हॉर्न खणखणीत वाजला तर सगळा दोष वाटेत आहे. थेट जोडूनही घर्रच करत असेल तर दोष हॉर्नमध्ये. बहुतेक जुन्या गाड्यांत दोन्हीकडे थोडा थोडा असतो.

वाटेतला दोष शोधायला मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. दुसऱ्या कुणाला तरी हॉर्न दाबायला सांगा. मीटरची एक पिन बॅटरीच्या ज्या टोकाकडून हॉर्नला सप्लाय जातो त्या टोकावर आणि दुसरी हॉर्नच्या सप्लायच्या टर्मिनलवर. आकडा ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. ०.५ आला तर किल्लीचा स्विच, फ्यूजच्या पट्ट्या किंवा वायर यांपैकी काहीतरी खातंय. मग हॉर्नचं दुसरं टर्मिनल आणि बॅटरीचं अर्थचं टोक यांच्यामध्ये मोजा. मोठा आकडा बहुतेक इथे सापडतो, आणि त्याचं कारण गंमतशीर आहे.

जुन्या गाड्यांत बहुधा हॉर्नला सप्लाय कायम असतो आणि बटण अर्थ देतं. किल्ली चालू ठेवून, बटण न दाबता, मीटरची एक पिन अर्थला ठेवून हॉर्नच्या दोन्ही टर्मिनलवर एकेक करून व्होल्टेज दिसलं तर तुमची गाडीही तशीच. म्हणजे करंटला हॉर्नमधून बटणात, बटणातून हँडलच्या नळीत, तिथून क्लॅम्पमध्ये, फोर्कच्या दांड्यात, आणि शेवटी स्टिअरिंगच्या कपातल्या छऱ्यांवरून फ्रेमवर यावं लागतं. हँडलला क्रोम, क्लॅम्पला रंग, छऱ्यांना ग्रीस. यातलं काहीच वीज वाहून न्यायला बनवलेलं नाही. ओळखायची खूण सोपी आहे: हॉर्न दाबून हँडल डावी-उजवीकडे फिरवा. आवाज बदलला किंवा मधेच तुटला तर अर्थ छऱ्यांवरूनच जातोय. कोन-सेटमध्ये, म्हणजे त्या छऱ्यांच्या कपांत, नुकतंच भरपूर ग्रीस भरलं असेल तर हॉर्न आणखी बसतो, आणि मालक म्हणतो, सर्व्हिसिंगला दिली तेव्हापासून हॉर्न बिघडला!

उपाय एका वायरीचा. बटणाच्या बॉडीच्या स्क्रूखालून किंवा हँडलच्या क्लॅम्पच्या बोल्टखालून १.५ चौरस मिलिमीटरची वायर काढा, हँडल पूर्ण वळलं तरी ताण येणार नाही एवढा सैल वळसा ठेवा, आणि दुसरं टोक फ्रेमवर जिथे बॅटरीचा अर्थ येतो त्याच बोल्टवर आणा. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत धातू दिसला पाहिजे, दातेरी वॉशर टाका, घट्ट केल्यावर वरून थोडं व्हॅसलीन. रंगावरच थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून बोल्ट आवळणं म्हणजे काहीच न करण्यासारखं.

सप्लायची वायरही बदलून टाका. जुनी वायर वरून धड दिसते, पण दोन्ही टोकांना इन्सुलेशन सोलून बघा. तांबं काळं किंवा हिरवं पडलेलं असेल तर ते पुढेही तसंच असतं. हिशेब असा: ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ३७ मिलिओहम. जाऊन-येऊन ३ मीटर वायर आणि ४ अँपिअर करंट धरला तर नव्याकोऱ्या वायरीतही ०.४४ व्होल्ट जातो. तीच वायर १.५ची घेतली तर नुकसान ०.१५वर येतं. थिंबल चिमट्याने नीट क्रिंप करा. नुसतं पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा घर्र करायला लावतो.

बटणही उघडा. आत एक पितळी पट्टी आणि एक बटबटीत टोक असतं. दोन्हींवर काळा डाग असेल. ४०० नंबरच्या पेपरची बारीक पट्टी मधे धरून, बटण हलकं दाबून दोन-तीनदा ओढा, पेट्रोलने पुसा. कानस लावू नका, पितळ झिजून पट्टी टेकेनाशी होते.

एवढं झालं की हॉर्नकडे वळा. मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्यावर लॉकनट किंवा वाळलेल्या लाखेचा थेंब. हा पॉइंटचा स्क्रू. तो सेट करायचा, आणि पुढे मधोमध जो नट किंवा खाचेचा स्टड दिसतो त्याला हात लावायचा नाही. त्या मधल्या नटाने पडदा आणि कॉइलच्या गाभ्यातलं अंतर ठरतं. तो एकदा हलला की पडदा गाभ्यावर आपटायला लागतो, आणि मूळ अंतर परत मिळवण्यात अर्धा दिवस जातो. बरेच हॉर्न या एका नटापायी भंगारात जातात.

स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या खाचेच्या रेषेत बॉडीवर सुईने ओरखडा काढा, म्हणजे हरवलात तर परत येता येईल. हॉर्नच्या लाइनमध्ये १० अँपिअरच्या रेंजवर मीटर लावा. आता पाव फेरा फिरवा, अर्धा सेकंद वाजवा, ऐका. मग पुन्हा पाव फेरा. दिशा मेकप्रमाणे बदलते, म्हणून आधी एका बाजूला फिरवून आवाज बंद पडतो का बघा. बंद पडला तिथून उलट दिशेने या. आधी फुसका, मग खरखरीत, आणि मग एका जागी आवाज एकदम मोकळा होतो, तोंडातला घास काढून कुणी बोलायला लागावं तसा. तिथेच थांबा. त्यापुढे फिरवलं तर आवाज फारसा वाढत नाही, करंट मात्र वाढत जातो आणि पॉइंट जळतो. प्लेटवर किंवा कडेवर जेवढे अँपिअर लिहिलेत त्यापलीकडे जाऊ नका. काही लिहिलेलं नसेल तर ६ व्होल्टच्या साध्या डिस्क हॉर्नला ४ ते ५ अँपिअर ही मर्यादा धरा. हे सगळं हॉर्न ब्रॅकेटला धरून करायचं. कडेला धरलात तर हाताने आवाज दबतो आणि सेटिंग चुकतं.

स्क्रूने काहीच फरक पडला नाही तर आतला पॉइंट काळा पडलेला असतो. कडेला स्क्रू असलेला जुना हॉर्न उघडता येतो. रिव्हेटचा किंवा कड वळवलेला नाही, तो बदलावाच लागतो. उघडताना कागदी गॅस्केट किती आहेत ते मोजा आणि तेवढेच परत टाका, कारण पडद्याचं अंतर त्या जाडीवर बेतलेलं असतं. पॉइंट ६०० नंबरच्या पेपरने साफ करा. पॉइंटला समांतर छोटा रेझिस्टर किंवा कंडेन्सर असेल आणि त्याचा पाय तुटलेला असेल तर नवा लावा, नाहीतर साफ केलेला पॉइंट लवकरच पुन्हा जळेल. पडदा उजेडासमोर धरून मधल्या भोकाभोवती बघा. केसाएवढी चीर असली तरी तो संपला.

इथवर केल्यावर तीनातल्या दोन गाड्यांना पुढे काही लागत नाही, असा माझा अंदाज. तुमची तिसऱ्यांतली निघाली तर पुढे वाचा.

मोठा हॉर्न म्हणजे नेमका किती मोठा? कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते. एकासारखे दोन हॉर्न लावले तर फक्त ३ डेसिबल मिळतात, जेमतेम कळण्याइतके. तरीही कारला दोन हॉर्न देतात, कारण ते एकसारखे नसतात. एक लो, एक हाय. नेहमीची जोडी ४०० आणि ५०० हर्ट्झच्या आसपासची, म्हणजे ४ला ५ हे प्रमाण. गाणं ऐकणाऱ्यांना सांगायचं तर षड्ज आणि शुद्ध गंधार एकत्र. दोन सुरांची ती मिसळ गोंगाटातून वेगळी ऐकू येते. एकच हॉर्न लावायचा असेल तर लो टोनचा घ्या. काचा वर, एसी चालू, आत गाणी, अशा कारच्या पत्र्या-काचेतून वरच्या पट्टीचा आवाज अडतो आणि खालचा त्यामानाने आत शिरतो. दुकानात हाय टोन जास्त कर्कश वाटतो म्हणून लोक तोच उचलतात आणि नवले पुलाखाली पस्तावतात.

आता मेकॅनिकचा डबल हॉर्न. १२ व्होल्टचा हॉर्न ६वर चालत नाही, फार तर ‘टक्’ वाजेल. उलट ६चा हॉर्न १२वर लावला तर काही दिवस गगनभेदी वाजेल आणि मग पॉइंट चिकटून कॉइल जळेल. बाजारात ६ ते १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तोही नको. जोडीला १२ व्होल्टवर ८-१० अँपिअर लागतात, म्हणजे १०० वॉटच्या आसपास. कन्व्हर्टरचं नुकसान धरून तेच ६ व्होल्टच्या बाजूने २० अँपिअरच्या पुढे ओढलं जाईल. तुमच्या बॅटरीला ते झेपत नाही.

डायनामोचंही बघा. येझदी जावाच्याच घराण्यातली, आणि जुन्या जावाचा डायनामो ६ व्होल्ट ४५ वॉटचा, म्हणजे कागदावर साडेसात अँपिअर, तोही इंजिन चांगल्या फेऱ्यांवर असताना. हेडलाइट, टेललाइट आणि इग्निशन कॉइल मिळूनच तेवढे होतात. सिग्नलला उभं राहिल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो, तेव्हा सगळं बॅटरीवर चाललेलं असतं. इथे एक गैरसमज असतो: मोठा हॉर्न बॅटरी रिकामी करतो. तसं नाही. १० अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.००६ अँपिअर-आवरही नाही. त्रास होतो तो त्या क्षणी व्होल्टेज खाली बसण्याचा. थकलेल्या बॅटरीचा आतला रोध ०.१ ओहम असला तर १० अँपिअरला पूर्ण १ व्होल्ट जातो. त्याच क्षणी इग्निशन कॉइललाही कमी मिळतं, ठिणगी हुकते आणि गाडी फडफडते. हॉर्न दाबल्यावर हेडलाइट मंदावून इंजिन अडखळत असेल तर हेच कारण.

मग रस्ते तीन उरतात, आणि निवड तुमच्यावर आहे. मूळपण जपायचं असेल तर चांगला ६ व्होल्टचा डिस्क हॉर्न. नाना पेठेत विचारा. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जुने हॉर्न मिळतात, पण जाताना पिशवीत ६ व्होल्टची बॅटरी आणि वायरीचे दोन तुकडे घेऊन जा. कडेवर ‘६’ ठोकलेला आहे ना ते बघा आणि तिथेच वाजवून घ्या. घरी येऊन वाजवणाऱ्याला जुना बाजार ओळखतो. या रस्त्यात रिले (बटणाच्या थोड्या करंटवर ओढला जाऊन हॉर्नचा मोठा करंट जोडणारा स्विच) लावायचा असेल तर एक लक्षात ठेवा. कारचा साधा १२ व्होल्टचा रिले ओढायलाच सात-आठ व्होल्ट लागतात, ६वर तो हलत नाही. ६ व्होल्टचा रिले शोधावा लागतो. तपकीर गल्लीतला प्लास्टिकचा चौकोनी छोटा ६ व्होल्टचा रिले एका हॉर्नला पुरतो, पण तो सर्किट बोर्डसाठी बनवलेला, त्याला पावसापासून आणि धक्क्यांपासून डबीत बंद करावं लागेल. माझं मत: एकाच ६ व्होल्टच्या हॉर्नला, वायर आणि अर्थ नवे केल्यावर, रिलेची गरज नाही.

दुसरा रस्ता म्हणजे अख्खी गाडी १२ व्होल्टची करणं. डायनामो तोच ठेवून १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावतात, किंवा व्हेप या चेक कंपनीचा पूर्ण संच बसवतात. पण मग बल्ब, बॅटरी, हॉर्न सगळं बदलायचं, पहिल्या पर्यायात इग्निशन कॉइलही, आणि जुन्या डायनामोचं चार्जिंग वरच्या फेऱ्यांवर सुरू होतं. नुसत्या हॉर्नसाठी हा खटाटोप करू नका. रात्री हेडलाइट पुरत नाही म्हणून करणार असाल तर गोष्ट वेगळी.

तिसरा रस्ता तुमच्या रोजच्या वापराला मला बरा वाटतो: फक्त हॉर्नसाठी वेगळी छोटी १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी. एका डिस्क हॉर्नला कम्यूटर बाइकची २.५ अँपिअर-आवरची पुरते, ती साधारण ८० × ७० × १०५ मिलिमीटरची असते. जोडीला ५ची घ्या. पुठ्ठ्याचा त्या मापाचा खोका करून हत्यारांच्या डब्यात किंवा सीटखाली बसतो का ते आधी बघा. दिवसाला ५० वेळा, एक-एक सेकंद, ८ अँपिअरने वाजवलंत तरी खर्च ०.११ अँपिअर-आवर. २.५वाली दोन आठवडे आरामात चालते. विश्रांतीचं व्होल्टेज १२.४च्या खाली गेलं की घरच्या छोट्या चार्जरवर लावा, चार्जिंग करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा, २.५वालीला पाव अँपिअर.

जोडणी अशी. गाडीच्या बॅटरीचं जे टोक फ्रेमला आहे तेच टोक नव्या बॅटरीचंही फ्रेमला. ब्रिटिश वळणाच्या काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणून वायरीच्या रंगावरून ठरवू नका, मीटरने बघा. दुसऱ्या टोकापासून १५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज: एका हॉर्नला १०, जोडीला १५ अँपिअर. फ्यूजमधून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पायाला, ८७मधून हॉर्नला, हॉर्नचं दुसरं टर्मिनल थेट बॅटरीच्या अर्थच्या टोकाला. फ्रेमवर विसंबू नका. फ्यूजनंतरच्या वायरीतून एक बारीक फाटा रिलेच्या ८६ला आणि ८५ला बटणाची वायर. बटण अर्थ देतं, रिले ओढतो. रिलेची कॉइल सुमारे ०.१५ अँपिअरच घेते, त्यामुळे जुन्या बटणावरचा भारही जातो. रिलेत आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ८५-८६ उलटे करावे लागतात. डायोड नसलेला घेतलात तर ही कटकट नाही. तुमच्या गाडीत बटण सप्लायच्या बाजूला निघालं, तर बटणाला ६ऐवजी १२ व्होल्टची वायर २ अँपिअरच्या फ्यूजमधून द्या, तिथून ८६ आणि ८५ अर्थला.

इथे एक चूक हमखास होते. जुना हॉर्न शोभेसाठी जागेवर ठेवला जातो, ते छानच, पण त्याची बटणाकडची वायर तशीच जोडलेली राहते. मग नव्या बॅटरीचे १२ आणि जुन्या हॉर्नवरून येणारे ६ यांच्या फरकाने रिलेच्या कॉइलमधून थोडा थोडा करंट वाहत राहतो. रिले ओढत नाही, काही वाजत नाही, आणि दोन-तीन दिवसांत छोटी बॅटरी मेलेली सापडते. जुन्या हॉर्नच्या दोन्ही वायरी काढा, टोकांवर स्लीव्ह चढवा. शिवाय या जोडणीत किल्ली काढली तरी हॉर्न वाजतो. सोसायटीतली पोरं त्रास देणार असतील तर ८६च्या फाट्यात सीटखाली छोटा स्विच टाका.

बसवताना हॉर्न त्याच्या स्प्रिंगच्या पट्टीवरच बसवा. ती पट्टी ‘हलते’ म्हणून काढून जाड अँगलवर आवळली की आवाजाचा कंप फ्रेमकडे जातो आणि हॉर्न दबतो. भोवती बोटभर मोकळी जागा ठेवा, मडगार्ड, केबल, टाकी कशालाही टेकू नये. तोंड पुढे, मधे लेगगार्डची नळी किंवा नंबरप्लेट नको. गोगलगायीच्या आकाराचा हॉर्न असेल तर तोंड खाली झुकतं ठेवा, नाहीतर जूनमध्ये त्यात पाणी साठेल. चाकाच्या उडणाऱ्या चिखलाच्या रेषेतही नको. शेवटी पुढचा ब्रेक दाबून फोर्क पूर्ण खाली दाबा, हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा आणि हॉर्न कुठे टेकत नाही ना ते बघा. रिले पाय खाली करून लावा. फ्रेमला नवं भोक पाडू नका, आहेत त्या बोल्टवर पट्टी करून घ्या. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची पुढे व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची इच्छा झाली, तर २०२१च्या नियमांत गाडी मूळ रूपात असावी, चासीत आणि इंजिनात बदल नसावेत अशी अट आहे.

मित्राच्या प्रेशर हॉर्नबद्दल. त्याचा कॉम्प्रेसर १५-२० अँपिअर मागतो, म्हणून तुमच्या गाडीवर तो तसाही बाद. पण मोठ्या बॅटरीवर चालला असता तरी नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९वा नियम एकामागून एक वेगळे सूर काढणारे आणि अकारण कर्कश, भयंकर आवाजाचे हॉर्न मना करतो. विनाकारण किंवा सायलेन्स झोनमध्ये हॉर्न वाजवल्याचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफखाली २०१९च्या दुरुस्तीने पहिल्यांदा १,००० आणि नंतर २,००० रुपये ठरला, आणि आवाजाच्या मानकांचा भंग धरला तर कलम १९०(२)खाली १०,०००पर्यंत. पुण्यात हॉस्पिटलं, शाळा आणि कॉलेजं इतकी जवळजवळ आहेत की पेठांतून कर्वे रोडला जाईपर्यंत तुम्ही किती सायलेन्स झोन ओलांडलेत ते मोजूनच बघा. बाकी ‘येथे हॉर्न वाजवू नये’ची पाटी कायद्याआधीपासून आहेच. कंपनीचा, आयएस १८८४ मानकाचा शिक्का असलेला एकसुरी हॉर्न घेतलात तर पोलिसांशी वाद घालायची वेळ येत नाही.

तुमच्यासारखाच प्रश्न दुसऱ्या गाडीवाल्यांनाही पडेल, म्हणून दोन ओळी. आरएक्स १०० किंवा १२ व्होल्टची बुलेट असेल तर वेगळी बॅटरी नको. फ्यूज, १२ व्होल्टचा रिले, २.५ची वायर आणि हॉर्नची जोडी, काम संपलं. फक्त ८६ची वायर किल्लीनंतरच्या सप्लायवरून घ्या. जुन्या बजाज स्कूटरचा किंवा लुनाचा हॉर्न मात्र वेगळ्या जातीचा. तो मॅग्नेटोच्या एसी करंटवर चालतो आणि आत पॉइंट नसतो. तो बॅटरीला लावला तर एकदा ‘टक्’ करून गप्प बसेल, आणि लोक चांगला हॉर्न फेकून देतात.

सगळं जोडून झाल्यावर हॉर्न दाबून धरलेला असताना त्याच्या टर्मिनलवर पुन्हा मोजा. ६ व्होल्टच्या गाडीत ५.५च्या वर, १२च्या बॅटरीवर ११च्या वर आकडा हवा. तेवढा मिळाला की इंजिन चालू करून अंधारात एकदा वाजवा आणि हेडलाइटकडे बघा. मग महिन्याने पट्टीचा बोल्ट आणि अर्थचा बोल्ट पुन्हा एकदा आवळा. येझदीच्या थरथरीत हे दोन आधी ढिले होतात.